हूं न म्हणणारा माणूस

कावेरी सिस्टर बोलली ते माझ्याशी नव्हतंच. ती जयरामकाकांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती आणि त्यांची समजूत काढत होती. "नवी डॉक्टरीण तशीच आसा, काका. अर्ध्यातच फोन ठेवता. तुमी दत्तप्रसाद डॉक्टरांकडेच बोला. ते बिचारे हूं हूं करीत सगळी गजाल आयकतत. त्येंचो फोन कदी कट होणा नाय." मी त्याच टेबलाखाली उकिडवी बसले होते, तोंडात बॅटरी आणि हातात वायर. सुटला असेल तर हाच जोड सुटला असेल, म्हणून शनिवारी सकाळी तो चौथ्यांदा तपासत होते. "हूं हूं करीत" कानावर पडलं आणि मी अशी ताडकन उठले की डोकं टेबलाला आपटलं, पट्टा सुटला, जयरामकाका "आये गे" म्हणाले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मला हसूच येत होतं. "सिस्टर, परत सांग," मी म्हटलं. "काय सांगू?" "तेच. कोण हूं करता आणि कोण करणा नाय." कावेरीने माझ्याकडे असं बघितलं, की आता आधी माझाच रक्तदाब मोजायला हवा.

मी फोन जोडते. शाळेतल्या मैत्रिणींना वाटतं मी खांबावर चढते, तसं नाही. हल्लीचे ऑफिसातले फोन इंटरनेटवरून चालतात, आणि प्रत्येक कंपनीची पेटी वेगळी. कसालच्या हायवेवरच्या हॉस्पिटलात निळ्या कंपनीची पेटी होती. त्यांनी मालवणात हा दवाखाना उघडला तेव्हा कोणा विश्वस्ताच्या भाच्याने पांढऱ्या कंपनीची स्वस्तात आणून दिली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मालवणच्या पेशंटला कसालच्या डॉक्टरशी बोलायचं तर दोन्ही पेट्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि मला, डेल्सीला, बोलावलं. दोन्ही पेट्यांचं नियमांचं पुस्तक एकच. पण त्या पुस्तकात जागोजागी "वाटल्यास असे करावे" लिहिलेलं आहे, आणि जिथे जिथे तसं लिहिलंय तिथे निळ्याला एक वाटतं आणि पांढऱ्याला दुसरंच. एकाच मांडवात बसलेले व्याही, दोघेही म्हणणार, आमच्यात असंच करतात. त्यांच्या मधे बसून दोघांना जेवू घालणं हा माझा धंदा. आणि खरं सांगायचं तर मला तो मनापासून आवडतो. दोन परकी यंत्रं एकमेकांना ओळखतात आणि कुठेतरी पहिली रिंग वाजते, त्या क्षणी माझ्या पोटात जे होतं ते मला अजून कुठल्याही माणसामुळे झालेलं नाही.

ही पहिली रिंग वाजून बारा दिवस झाले होते, आणि बारा दिवस हे फोन मधेच तुटत होते. सगळे नाहीत. हे "सगळे नाहीत"च जिवावर येतं. सगळे तुटले असते तर मी दुपारपर्यंत दुरुस्त करून घरी जेवायला गेले असते. पांढऱ्या कंपनीचा सर्वेश म्हणायचा, "मॅडम, तुमच्या कसालकडून आवाज यायचाच थांबतो, वीस सेकंद वाट बघून आमची पेटी फोन ठेवते. आमच्या बाजूने ओके." निळ्या कंपनीचा समर्थ म्हणायचा, "मॅडम, आमची पेटी आवाज पाठवतेच आहे. आमच्या बाजूने ओके." दोघांपैकी एक खोटं बोलतोय किंवा मधली लाइन मरतेय, असं धरून मी कसाल ते मालवण सगळी लाइन पालथी घातली. वाटेतल्या कट्टा गावात एका फणसावरच्या माकडांवर संशय घेऊन त्यांचे फोटोसुद्धा काढले. चाचणी मात्र दर वेळी पास. मी इथून "हॅलो हॅलो, एक दोन तीन," तिथून वॉर्डबॉय "हॅलो हॅलो, चार पाच सहा," दहा दहा मिनिटं, एकदाही तुटला नाही. अर्थात तुटणार कसा! चाचणी घेताना गप्प कोण बसतं? सोमवारी विश्वस्त येणार होते. तोपर्यंत हे सुटलं नाही तर निळी पेटी काढून सगळंच पांढऱ्या कंपनीला देणार, असं मला शुक्रवारी गोड शब्दांत कळवलं होतं.

दोघेही खरंच बोलत होते. हे मला टेबलाखालून वर येईपर्यंतच्या त्या एका क्षणात कळलं. निळी पेटी बोलणं पाठवते. बोलणंच नसेल तर काय पाठवायचं, म्हणून ती काहीच पाठवत नाही. तिच्या लेखी ती काटकसर. पंख्याची घरघर, बाहेरची गाडी, असलं एकसुरी काहीही तिच्या लेखी शांतताच. आणि पांढरी पेटी वीस सेकंद काहीच आलं नाही की समजते, पलीकडचा मेला, आणि फोन ठेवून देते. मग जो मधूनमधून हूं म्हणतो तो जिवंत. जो तोंड मिटून नीट ऐकतो तो मेला. दत्तप्रसाद डॉक्टर कुडाळचे, आमच्याच बाजूचे. आमच्याकडे हूं न म्हणता ऐकणं म्हणजे ऐकणंच नव्हे. मांय सांगायची, गजाल सांगणाऱ्याला हूं द्यायचा असतो, नाहीतर गजाल वाट चुकते. हॉस्पिटलातली नवी डॉक्टर गौरजा लातूरकडची. ती मान खाली घालून, वहीत लिहीत, श्वाससुद्धा न ऐकू देता ऐकते. आणि मालवणची माणसं बारा दिवस तिच्या नावाने बोटं मोडत होती.

मी जयरामकाकांच्या पाया पडायचीच बाकी होते. "काका, तुमी डॉक्टरणीक काय सांगी होतात? सगळा सांगा, कितीयेळ बोललात?" काका बिचकले. "अगो, पोटात दुखता तां सांगी होतंय. कधीपासून, ता सांगूक नको? बायलेच्या म्हायेरच्या म्हावंद्याच्या जेवणापासून सुरू केलंय." "आणि ती हूं म्हणाली?" "खंय गो! तां एक अक्षर नाय. मगे फोन ठेवल्यान. माका वाटला, येवढो म्हातारो माणूस बोलता, थोडी तरी लाज..." "तिने नाय ठेवल्यान," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका मोठा झाला की बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावली. काउंटरवरचा फोन उचलून मी गौरजा डॉक्टरचं एक्स्टेंशन फिरवलं. "डॉक्टर, मी फोनवाली डेल्सी. एक काम करा. काही बोलू नका." "म्हणजे?" "म्हणजे अजिबात बोलू नका. मी काहीही बोलले तरी नुसतं ऐका, पेशंटचं ऐकता तसं." ती हसली आणि गप्प झाली. मी घड्याळाकडे बघत जे सुचेल ते बोलत राहिले: आज बाजारात सुरमई आहे का, सोमवारी कोण कोण येणार, माझ्या डोक्याला केवढं टेंगूळ आलंय. अठरा. एकोणीस. वीस. टूं टूं टूं. मी ओरडलेच. कावेरीने कपाळाला हात लावला. मी फोन पुन्हा लावला. "डॉक्टर, आता दर थोड्या वेळाने हूं म्हणा." "हूं?" "हूं." आणि ती लातूरची पोर अगदी मनापासून हूं म्हणत राहिली, चार मिनिटं, आणि फोन तुटला नाही. "थांबा, म्हणजे इथले पेशंट मधेच ठेवून देत नव्हते?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मी बाहेरची म्हणून..." मी ते धड ऐकलंही नाही. माझ्या कानात अजून मघाचं टूं टूं टूं होतं. तेच, तसंच, याच फोनवर मी बारा दिवसांपूर्वी ऐकलं होतं. पलीकडे तेव्हा पाय होता.

आमच्यात, मालवणी ख्रिश्चनांत, वडलांना पाय म्हणतात. तिसरीत मी निबंधात लिहिलं होतं, "माझे पाय टेलिफोन खात्यात काम करतात," आणि बाईंनी लाल पेनाने गोल करून बाजूला लिहिलं, "आणि हात?" पाय ते वाचून इतका हसला की त्याने ती वही एक्स्चेंजमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवली. ह्युबर्ट, मालवणच्या जुन्या एक्स्चेंजचा ऑपरेटर. तेव्हा नंबर सांगावा लागायचा, आणि तो बोर्डावरच्या भोकात दोरी खुपसून देवगडचा आंबेवाला मुंबईच्या दलालाशी जोडून द्यायचा. कानाला लावून बघायचा, जोडलंय ना, आणि बाजूला व्हायचा. त्याच्या नोकरीतले दोन नियम मला बाराखडीच्या आधी पाठ होते. पहिला: लाइनीवर असताना ऑपरेटरने हूं सुद्धा म्हणायचं नाही, म्हटलंस की बोलणाऱ्यांना कळतं, मधे तिसरा कोणी आहे. दुसरा: आपण आधी फोन ठेवायचा नाही, समोरच्याने ठेवल्याचं ऐकायचं, मगच आपला ठेवायचा. घरी मांय त्याला दिवसभराची गजाल सांगायची आणि हा खांबासारखा बसून राहायचा. ती चिडायची, "अरे, भिंतीक सांगतंय की तुका?" मग तो तिचं शेवटचं वाक्य शब्द न चुकवता म्हणून दाखवायचा. अख्ख्या किनाऱ्यावर हूं न म्हणणारा तो एकच माणूस असेल. पण स्वतः गोष्ट सांगायला लागला की मात्र त्याला हूं लागायचा. मी अंथरुणात, तो कडेला बसलेला, आणि माझा हूं जरा लांबला की तो थांबायचा. "निजलंस गो?" मी अर्ध्या झोपेत "हूं" म्हणायची, आणि तो पुढे सांगू लागायचा. झोपलेलं माणूस हूं म्हणत नाही, एवढा हिशोब त्याला पुरत असे.

मी दहा वर्षांची असताना मालवणात आपोआप लागणारे फोन आले आणि त्याचा बोर्ड गेला. त्या दिवशी पाय दिवसाउजेडी घरी आला, एवढंच मला आठवतं. मग तक्रारींचं टेबल, मग निवृत्ती, मग मांय गेली, आणि घर खायला उठलं तेव्हा कसालच्या हॉस्पिटलने त्याला ऑपरेटर म्हणून बोलावलं. दाराशी काचेची एक लहान खोली, एक बोर्ड, एक फोन, एक खुर्ची, मागे राहायला क्वार्टर. अकरा वर्षं. दर रविवारी एसटीने मालवणला यायचा, चर्चमध्ये मिस्साला जायचा, मासळी घेऊन घरी. जेवताना सांगायचा, या आठवड्यात कोणाकोणाला कोणाकोणाशी जोडून दिलं. आणि मी काय केलं? मी अशी जोडणी केली की आता कोणीही कोणालाही सरळ लावेल, मधे माणूस नको. काम घेताना हे मला कळलं नव्हतं असं म्हणून मी खोटं बोलणार नाही. कळलं होतं. मी म्हटलं, मी नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल, आणि तो दुसरा त्याला धड सांगणारही नाही. मी सांगेन. आणि मग त्या सोमवारी पहिली रिंग वाजली, मी आनंदाने येडी झाले होते, पहिला फोन कोणाला करणार? पायलाच केला. "पाय, लागलो! तुज्या माज्या मधे आता कोण नाय!" तोही हसला. आणि त्या हसण्याचाच धीर धरून मी सांगून टाकलं. एक तारखेपासून बोर्ड नाही. खुर्ची नाही. तो गप्प झाला. मी थांबले. काचेच्या खोलीत तो कसा बसला असेल, ते डोळ्यांपुढे आणत थांबले. आणि टूं टूं टूं.

ज्या माणसाने चाळीस वर्षांत कोणाचा फोन आधी ठेवला नाही, त्याने माझा ठेवला. बारा दिवस मी हे वाक्य घेऊन हिंडत होते, कट्ट्याच्या फणसाखाली, माकडांच्या पुढ्यात. परत फोन केला नाही. त्याने ठेवलाय, मी का करू. मी पण ह्युबर्टचीच पोर आहे. त्याचा मोबाइल तर खणात बंद पडलेला असतो. गेल्या रविवारी तो आला नाही. मी दोन माणसांची आमटी केली होती, ती सोमवारपर्यंत खाल्ली. फोन तुटण्याच्या एवढ्या तक्रारी माझ्या वहीत होत्या, तारीख, वेळ, कोण कोणाशी. त्यात माझाच एक फोन मी लिहिला नव्हता, कारण तो मला बिघाड वाटलाच नाही. तो मला शिक्षा वाटली होती. काय मूर्ख बाई आहे मी! हूं न म्हणणाऱ्या माणसाला मीच निळ्या पेटीच्या मागे बसवलं आणि वीस सेकंदांत मेलेला ठरवून टाकलं.

पण मग दुसराही विचार आला. कदाचित त्याने खरंच ठेवला असेल. वीस सेकंद झाले होते की पंधराच, ते कोणी मोजलंय? पेटीवर आळ घेऊन मी माझी सुटका तर करून घेत नाही? हे कळायचा एकच रस्ता होता. लॅपटॉप उघडून निळ्या पेटीत शिरले. पासवर्ड दोनदा चुकला. सेटिंगांच्या सातव्या पानावर, कोणी कधी बघत नाही अशा जागी, एक बारीक चौकोन आणि त्यात बरोबरची खूण: शांतता असताना काही पाठवू नये. ती खूण काढली. बस्स, एवढंच. बारा दिवस, एक फणस, सतरा माकडं, आणि एक खूण. "झाला?" कावेरीने विचारलं. "आता कळतला," मी म्हटलं, "जरा दार लावून घे आणि काकांका गप्प बसव." जयरामकाका म्हणाले, "मी बोललंय काय?" आणि तोंडावर बोट ठेवून बसून राहिले, पट्टा दंडाला तसाच.

ऑपरेटरचा शून्य फिरवला. एक रिंग. दुसरी होऊच देत नाही तो. "नमस्कार, बोला," पायचा ऑफिसातला आवाज, इस्त्री केलेला. "पाय, मी." जरासा थांबला. "बोल." मी विचार केला होता आधी पेट्यांचं सांगावं, निळी, पांढरी, चौकोन, म्हणजे वाट मऊ होईल. तोंडातून निघालं ते वेगळंच. "पाय, त्या दिसा सांगलंय तां परत सांगतंय. एक तारखेपासून बोर्ड नाय. तुजी खुर्ची जातली. आणि तां काम मीच केलंय." आणि मी गप्प झाले. तो गप्प. समोरच्या भिंतीवर घड्याळ. पाच. आठ. आता मात्र त्याचं गप्प बसणं माझ्यापर्यंत येत होतं. पंखा फिरत होता, एका फेरीत एकदा कटकन वाजणारा. खुर्चीचा वेत करकरला. बारा. काचेपलीकडे कोणाच्या तरी चपला. पंधरा. त्याचा श्वास, नाकातून, जरा शिट्टी वाजणारा. मांय त्यावरून त्याला चिडवायची. अठरा, एकोणीस. मी डोळे मिटले. ठेवायचा असेल तर आता ठेव, म्हणजे मला कळेल. वीस. पंखा फिरत होता. एकवीस, बावीस, पंचवीस. श्वास तसाच होता, कानाला लागून. तिसाच्या पुढे मी मोजायचं सोडलं.

"खुर्चीचा माका आदीच म्हाईत होता," पाय म्हणाला. "ऑपरेटराक सगळ्यात आदी कळता गो. तुज्या तोंडसून आयकूचा होता, म्हणान वाट बघी होतंय. सांगलंस, बरा वाटला. आता हिका काय म्हणाचा, ताच इचार करी होतंय." पंखा कटकन वाजला. "तितक्यात तू फोन ठेवलंस. बारा दिस झाले, बघतंय, आज करतली, उद्या करतली. पाय गप्प झालो म्हणान फोन ठेवूचो, गो?"

मला बोलायचं होतं. निळी पेटी, पांढरी पेटी, वीस सेकंद, हूं, सगळं एकदम सांगायचं होतं, आणि एक अक्षर फुटत नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याच तोंडाने मी हसतही होते. कावेरी दुसरीकडे बघत होती. जयरामकाकांनी तोंडावरचं बोट काढलं नव्हतं. पलीकडे तो वाट बघत होता, ठेवणार नव्हता, आधी तर कधीच नाही.

"डेल्सी?" तो म्हणाला. मग जरा थांबून, हळूच, "निजलंस गो?"

"हूं," मी म्हटलं.

आणि पाय पुढे सांगू लागला.